काय आलं होतं?

पहाटे 5:10

न्यू जर्सीत ऑक्टोबरच्या अखेरीस सात वाजून गेल्याशिवाय उजाडत नाही. चहाचं आधण ठेवलं, आलं किसलं आणि फोन उघडला. एकशे चौदा निरोप. एरवी रात्रभरात दहा-बारा असतात.

परवा आणि काल इथे फिजिओथेरपिस्टच्या परवान्याची परीक्षा झाली. नॅशनल फिजिकल थेरपी एक्झामिनेशन हे तिचं पूर्ण नाव, आम्ही सगळे एनपीटीई म्हणतो. वर्षातून चारदा होते: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट म्हणून रुग्णाला हात लावायचा तर ती पास व्हावीच लागते, मग पदवी पुण्याची असो की बोस्टनची. परीक्षेची केंद्रं अमेरिकेत आणि तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशांतच आहेत. म्हणून आपली मुलं कर्ज काढून इथे मास्टर्सला येतात, किंवा नुसत्या परीक्षेसाठी विमानाचं तिकीट काढतात. अशा तीसेक मराठी मुलामुलींना मी गेली काही वर्षं रात्री व्हिडिओ कॉलवर शिकवते. कुणी ह्यूस्टनला असतं, कुणी डेट्रॉइटजवळ, कुणी अजून नाशिकला कागदपत्रांच्या मागे.

रात्री पाऊण वाजता ह्यूस्टनच्या मुलीनं लिहिलं होतं: "ताई, झाला पेपर! पाच-सहा प्रश्न अगदी नीट लक्षात आहेत. विसरायच्या आत ग्रुपवर टाकू का? बाकीच्यांना उपयोग होईल." त्याखाली नऊ जणांनी हात जोडलेले, "टाक टाक", "देव तुझं भलं करो".

मी लिहिलं, "काही टाकू नकोस. एकही नाही. रात्री आठला फोन करते, तोवर झोप काढ." मग ग्रुपवर माझ्याशिवाय कुणालाच लिहिता येणार नाही अशी सोय केली आणि चहा गाळला.

तिचा मला राग आला नाही. आपल्याकडे पोर परीक्षा देऊन उंबऱ्यात आलं की हातात पाण्याचा तांब्या देण्याआधी विचारतात, "काय आलं होतं?" मिरजेला मी दहावीत असताना आबा पडवीत वाट बघत बसायचे. प्रश्नपत्रिका मांडीवर पसरून एकेका प्रश्नावर पेनचं टोक टेकवायचे, हा सुटला? हा? पुढे फिजिओथेरपीला गेल्यावर विद्यापीठाचे मागच्या पाच वर्षांचे पेपर झेरॉक्सच्या दुकानात बांधून मिळायचे. त्यात चोरी कसलीच नव्हती. पेपर झाला की तो सगळ्यांचा. अपेक्षित प्रश्नसंच घोकत आम्ही मोठे झालो, आणि मागच्या वर्षीचा प्रश्न पुढच्याला सांगणं हे आमच्या लेखी पुण्याचंच काम होतं.

या परीक्षेचा पेपर मात्र कधीच कुणाचा होत नाही. संगणकापुढे बसायचं, उठताना हात रिकामे. त्यातले प्रश्न पुन्हा वापरायचे असतात. सुरुवातीलाच उमेदवाराकडून कबूल करून घेतलेलं असतं की इथलं काहीही, अख्खं किंवा तुकड्यानं, आठवून किंवा शब्द फिरवून, कुणाला सांगणार नाही. धडधडत्या छातीनं बसलेली मुलं तो मजकूर न वाचता पुढचं बटण दाबतात. म्हणून मी माझ्या पहिल्याच तासाला तो मोठ्यानं वाचून घेते. ह्यूस्टनची मुलगी त्या तासाला नव्हती. ती ऑगस्टमध्ये आली. तिला तो वाचून दाखवायचा राहून गेला, ही चूक माझी.

सकाळी 7:40

मी ज्या पुनर्वसन केंद्रात काम करते तिथे माणसं हॉस्पिटलमधून थेट घरी जाण्याइतकी सावरलेली नसतात म्हणून येतात. खुब्याचं हाड मोडलेली, अर्धांगवायू झालेली, न्यूमोनियानं महिनाभर अंथरुणाला खिळलेली. सकाळी यादी हातात येते. आज अकरा नावं.

पहिल्या आजी. (वय, आजार, खोली सगळं बदलून लिहिते आहे, कारण पुढे सांगेन.) खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झालेले. सांधा मागच्या बाजूनं उघडून बसवला होता, म्हणून खुबा नव्वद अंशांपलीकडे वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. आजी उत्साही. "आज मी दारापर्यंत चालणार," म्हणाल्या. कमरेला आधाराचा पट्टा (गेट बेल्ट) बांधला, वॉकर पुढे ठेवला. उठवण्याआधी पडल्या पडल्या रक्तदाब घेतला: 138/80. उभं केलं, पुन्हा घेतला. 112/70. आजी हसत होत्या, पण ओठांचा रंग उतरत चालला होता. वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा उतरला, तोही उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत, तर मेंदूला रक्त कमी पडू शकतं. पुस्तकात ही एक ओळ आहे. मी त्यांना लगेच खाली बसवलं, पाय वर घेतले, नर्सला हाक मारली. सकाळी रक्तदाबाची गोळी दिली होती, रात्रीपासून पाणी जेमतेम प्यायल्या होत्या.

दार राहिलं. उद्या बघू, म्हटलं.

समजा माझ्या जागी कुणी असा असता, ज्यानं रक्तदाबावरचा एक फुटलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर पाठ केलं, आणि तेवढ्यावर पास झाला. त्याला "ब" हा पर्याय बरोबर एवढंच ठाऊक असतं. आजींच्या ओठांकडे बघायचं त्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्या दारापर्यंत निघाल्या असत्या आणि वाटेत कोसळल्या असत्या. सहा दिवसांपूर्वी बसवलेल्या खुब्यावर. परवान्याची परीक्षा असते ती अशा सकाळींसाठी. बाकी कुणासाठी ती नाही, माझ्यासाठीही नाही.

सकाळी 10:50

नोंदी लिहिण्याची वेळ. किती मिनिटं, कुठला व्यायाम, किती आधार लागला, रुग्ण काय म्हणाला. इथल्या विम्याच्या हिशोबाला मिनिटं फार लागतात. त्यात रमण्यासारखं काही नाही.

पण याच टेबलावर रोज एक सवय घोटली जाते. 1996 साली अमेरिकेत हिपा हा कायदा झाला. रुग्णाची ओळख पटेल असं काहीही बाहेर जाता कामा नये, असं त्यातून आमच्यावर बंधन आलं. नाव तर नाहीच. फोटो नाही, जन्मतारीख नाही, आणि लिफ्टमध्ये "तीनशे चारवाल्यांची सून आली होती का" असंही नाही. सुरुवातीला जाच वाटतो. हळूहळू जीभ वळते. घरी जेवताना मी नवऱ्याला सांगते की आज एका बाईंचा रक्तदाब उतरला, भीती वाटली, पण सावरलं. त्यात त्या बाई कुठेच नसतात आणि माझा दिवस पूर्ण असतो.

परीक्षेबद्दल बोलायचं तेही असंच. अनुभव माझा आहे, तो मी हवा तितका सांगीन. प्रश्न माझा नाही. मुलांना हिपाचं उदाहरण दिलं की चटकन पटतं, कारण इंटर्नशिपमध्ये रुग्णाची फाइल उघडी टाकल्याबद्दल बहुतेकांनी एकदा तरी बोलणी खाल्लेली असतात.

दुपारी 12:20

डबा उघडला. मेथीची भाजी, भाकरी, लसणाची चटणी. समोर फिलिपिन्सची एक नर्स बसते, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. माझा चेहरा बघून तिनं विचारलं, आज काय झालं? मी सांगितलं. तिनं घास खाली ठेवला.

जून 2006 मध्ये फिलिपिन्सच्या नर्सिंग परवान्याचा पेपर फुटला होता. पुढे अमेरिकेतल्या, तेव्हा सीजीएफएनएस नाव असलेल्या संस्थेनं, जी परदेशी नर्सेसच्या व्हिसासाठी प्रमाणपत्र देते, फेब्रुवारी 2007 मध्ये जाहीर केलं की त्या वेळी पास झालेल्यांना ते प्रमाणपत्र मिळणार नाही. हवं असेल तर परीक्षेचा तिसरा आणि पाचवा भाग पुन्हा द्या. तिची धाकटी बहीण त्या वर्षीची. बहिणीनं फुटलेलं पान पाहिलंही नव्हतं. पुन्हा बसली, पुन्हा पास झाली, पण पासपोर्टवर शिक्का पडायला उशीर झाला तो झालाच.

मग मी तिला आमची गोष्ट सांगितली. दरवर्षी एकदा तरी आम्ही दोघी ही देवाणघेवाण करतो.

जुलै 2010. मी पुण्यात इंटर्नशिप करत होते. ही परीक्षा घेणाऱ्या फेडरेशन ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ फिजिकल थेरपीनं जाहीर केलं की इजिप्त, भारत, पाकिस्तान आणि फिलिपिन्स या चार देशांत शिकलेल्या पदवीधरांची परीक्षा थांबवण्यात येत आहे. कारण दिलं होतं की परीक्षेतले प्रश्न आठवून, पद्धतशीर गोळा करून, तिथल्या पदवीधरांत वाटले जात आहेत. कुण्या एका क्लासचं किंवा कॉलेजचं नाव घेऊन नाही. चार अख्खे देश. त्यानंतर या चार देशांच्या मुलांसाठी वेगळी परीक्षा काढली, वर्षातून एकदा होणारी, फक्त त्यांच्यापुरती. काही वर्षांनी ती बंद झाली आणि आता सगळे पुन्हा एकाच परीक्षेला बसतात. त्या बंदीआधी परीक्षा वर्षभर सोयीच्या दिवशी देता यायची. ठरावीक तारखा आल्या त्या या प्रकरणानंतर.

आमच्या वरच्या वर्गातली एक मुलगी तेव्हा अडकली. नोकरीचं पत्र हातात, वडिलांनी शेताचा तुकडा गहाण टाकलेला. तिनं कुणाचा प्रश्न घेतला नव्हता, कुणाला दिला नव्हता. पोलिओच्या साथीनंतर 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएममध्ये देशातलं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, याचा आम्हाला केवढा अभिमान. त्या सगळ्या परंपरेवर कुणीतरी संशयाचा शिक्का ओढवून घेतला होता, काही हजार रुपयांच्या फाइलींसाठी. माझा राग आहे तो त्या विकणाऱ्यांवर, आणि तो पंधरा वर्षांत कमी झालेला नाही. परवान्याच्या परीक्षांत हे संपलेलंही नाही. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या यूएसएमएलई परीक्षेत नेपाळशी संबंधित काही उमेदवारांचे गुण रद्द झाले, तेही प्रश्न आधीच हाती लागल्याच्या संशयावरून.

नर्सबाई उठताना म्हणाल्या, "त्या पोरीला ओरडू नकोस. समजावून सांग." त्या नसत्या म्हणाल्या तर मी ओरडले असते.

दुपारी 2:15

अर्धांगवायूचे एक काका. डाव्या बाजूचं जगच त्यांच्यासाठी नाहीसं झालेलं आहे. ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो, दाढी अर्धीच होते. आज मी त्यांच्या डावीकडे उभी राहून बोलत राहिले, आणि विसाव्या मिनिटाला त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बास, आजची कमाई ही.

दुपारी 4:30

गाडीत बसून फोन पाहिला. अनोळखी नंबर: "ऑक्टोबर रिकॉल्स तयार, 150 प्रश्न उत्तरांसह. तुमच्या विद्यार्थ्यांना सवलत."

रिकॉल्स म्हणजे परीक्षेतून आठवून आणलेले प्रश्न. परीक्षा संपून चोवीस तास झालेले नाहीत. असे निरोप मी उघडून वाचत बसत नाही, पुढे पाठवत नाही, त्याच्याशी वादही घालत नाही. फोटो काढते आणि फेडरेशनकडे तक्रार करते. अशा तक्रारींसाठी त्यांनी सोय ठेवलेली आहे. पार्किंगमध्येच ते काम उरकलं, मग गाडी काढली.

या फाइलींचा अभ्यासाच्या दृष्टीनंही काही उपयोग नसतो, हे मुलांना कळायला हवं. परीक्षेत 225 प्रश्न असतात. त्यातल्या 45 प्रश्नांना गुणच नसतात. ते पुढच्या परीक्षांसाठी चाचपून पाहायला घातलेले असतात आणि कुठले ते बसलेल्याला कळत नाही. म्हणजे पाठ केलेल्या पाचातला एक तसाही हिशोबात नाही. त्यात आठवण कशी असते बघा. घामेजल्या हातानं वाचलेल्या प्रश्नातलं "सर्वांत आधी काय कराल" हे गळून पडतं आणि "काय कराल" एवढंच उरतं. "सर्वांत आधी" गेलं की चारही पर्याय बरोबर वाटू लागतात. उत्तर म्हणून फाइलीत जे असतं ते बसलेल्यानं टेकवलेलं उत्तर, बरोबर असेलच असं नाही. मी स्वतः परीक्षेला बसण्याआधी अशी एक फाइल माझ्याकडेही आली होती. तिचं पहिलं पान मी वाचलं. पहिल्याच पानावर दोन उत्तरं धडधडीत चुकीची होती. पुढचं पान उलटलं नाही, फाइल काढून टाकली. पहिलं पान मात्र वाचलं होतं, आणि ते मी मुलांपासून लपवत नाही.

नुकसानाची दुसरी बाजू मोजमापाची आहे. दर वेळी पेपर वेगळा, कधी किंचित अवघड, कधी किंचित सोपा. तो फरक भरून काढून सगळ्यांचे गुण 200 ते 800 च्या एकाच मोजपट्टीवर आणतात आणि 600 ला पास करतात. जुने, पारखलेले प्रश्न असतात म्हणूनच हे जमतं. तेच फुटले तर तराजूचं पारडं कुणी बोटानं दाबून धरल्यासारखं होतं, आणि प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्याचं वजन कमी भरतं.

सायंकाळी 6:45

खिचडी टाकली. मुलाचा गृहपाठ. दिवाळीच्या चिवड्याचे पोहे उन्हात घालायचे राहिले. इथे ऊनच नाही, ओव्हनमध्ये घालावे लागतील.

रात्री 8:00

ह्यूस्टनला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"ताई, सॉरी. मला खरंच वाटलं मदत होईल."

"माहीत आहे मला. झोपलीस का?"

"नाही ना. एकच प्रश्न डोक्यात फिरतोय. मी क केलं, नंतर बदलून ड केलं. तुम्ही फक्त सांगा बरोबर केलं का, मग मला झोप लागेल. त्यात एक पेशंट असतो, त्याला..."

"थांब."

ती थांबली. मी पुढचं बोलायला थोडा वेळ घेतला, कारण हा क्षण मला ठाऊक आहे. फुटतात ते सगळेच प्रश्न लोभानं फुटत नाहीत. बरेचसे असेच फुटतात. जीव टांगणीला लागलेला असतो आणि कुणीतरी हो म्हणावं एवढंच हवं असतं.

"त्या पेशंटला काय झालं होतं ते मला सांगू नकोस," म्हटलं. "तुला काय होतंय ते सांग."

मग ती रडली. कर्जाचा आकडा सांगितला, घरी आईला रोज खोटं सांगते की सगळं छान आहे, हेही सांगितलं. मी ऐकत राहिले. मग तिला गोपनीयतेचा करार वाचून दाखवला, जो पहिल्या दिवशीच वाचायला हवा होता. गुण रद्द होऊ शकतात, पुढं बसायला बंदी येऊ शकते, परवाना देणारं राज्याचं बोर्ड त्याची दखल घेऊ शकतं. आणि 2010 सांगितलं. ते तिला नवं होतं. तेव्हा ती पहिली-दुसरीत असेल.

"पण ताई, मग मी कुणालाच काही सांगायचं नाही का? आई विचारणारच, काय आलं होतं."

"आईला सांग, पाच तास बसून पाठ धरली. सांग की चौथ्या भागात लक्ष उडालं, पाणी प्यायला उठले तर घड्याळ थांबलं नाही. सांग की घाबरले होते आणि तरी शेवटचा प्रश्न सोडवूनच उठले. हे सगळं तुझं आहे."

"आणि विषय? कुठल्या विषयावर जास्त आलं, एवढं तरी?"

"तेही नाही."

इथे मी तिला माझी चूक सांगितली. माझी परीक्षा झाली त्या आठवड्यात एका मैत्रिणीला मी सहज म्हणाले होते की अमुक विषय जास्त वाच, मला खूप आला. (विषयाचं नाव इथेही लिहीत नाही.) तिनं विश्वासानं तोच वाचला, दुसरा एक बाजूला ठेवला. तिच्या पेपरात तसं नव्हतं. तिला 600 ला थोडेच गुण कमी पडले. बारा महिन्यांत तीनदा आणि जन्मात सहादा, एवढ्याच वेळा ही परीक्षा देता येते. त्यातली तिची एक खेप माझ्या एका वाक्यानं खाल्ली. करार मोडला तो वेगळाच.

फोन ठेवताना तिनं स्वतःहून विचारलं, रात्री तिनं वहीत उतरवून ठेवलेल्या त्या पाच-सहा प्रश्नांचं काय करू. फाडून टाक म्हटलं. पलीकडून कागद फाटल्याचा आवाज आला.

रात्री 9:00

नाशिकला सकाळचे साडेसहा. सतरा चेहरे पडद्यावर. एकीच्या मागे तुळशीवृंदावन दिसत होतं, एक जण एसटी स्टँडवरून जोडला गेला होता. जानेवारीत बसणारी ही मुलं. सगळ्यांच्या डोळ्यांत एकच प्रश्न, आणि तो विचारायचा नाही हे त्यांना ठाऊक.

मी त्यांना एक कसोटी दिलेली आहे. काहीही सांगण्याआधी स्वतःला विचारायचं: ज्यानं ही परीक्षा दिलेलीच नाही, त्याला हे जाहीर कागदपत्रांवरून सांगता आलं असतं का? आलं असतं तर खुशाल सांगा. जे फक्त त्या खोलीत बसल्यामुळे कळलं, ते प्रश्नाबद्दल असेल तर गिळा.

या कसोटीतून केवढं उरतं ते बघून मुलं चकित होतात. अभ्यासक्रमाचा आराखडा फेडरेशननंच जाहीर केलेला आहे. हाडं-स्नायू, मज्जासंस्था, हृदय-फुफ्फुसं, बाकीच्या संस्था, शिवाय साधनं, सुरक्षितता, व्यावसायिक जबाबदारी, संशोधन. कशावर साधारण किती प्रश्न तेही छापलेलं आहे. ज्याला "कुठल्या विषयावर जास्त" हवंय त्याचं उत्तर तिथे आहे, फुकट आणि अचूक. खरे प्रश्न बघायचेत? त्यांचीच पीट नावाची सराव परीक्षा आहे. पैसे पडतात, पण तिच्यातला एक पेपर पूर्वी खऱ्या परीक्षेत वापरून निवृत्त केलेला आहे. कायदेशीर जुना पेपर! झेरॉक्सच्या दुकानातल्या त्या बांधलेल्या गठ्ठ्याच्या जवळचं काही असेल तर ते हेच.

मग वेळेचा हिशोब. पाच तास, 225 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ऐंशी सेकंद. 45 प्रश्नांचे पाच भाग. दुसऱ्या भागानंतर पंधरा मिनिटांची सुट्टी मिळते. त्याव्यतिरिक्त उठलात तर घड्याळ चालूच राहतं. मागे सोडलेल्या भागात परत जाता येत नाही. आणि मराठी मुलांसाठी खास: नाव. पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव, लग्न झालेल्यांचं कुठे माहेरचं आडनाव तर कुठे सासरचं, पदवीवर आणखी तिसरंच. परीक्षेच्या परवानगीपत्रावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर दारातूनच परत पाठवतात. आज दोघींची नावं जुळत नव्हती. तीन महिने हातात आहेत, आत्ताच दुरुस्त करा, म्हटलं.

शेवटची चाळीस मिनिटं प्रश्नांची. ते मी स्वतः रचते, पाठ्यपुस्तक आणि माझा दिवस यांतून. आज अर्थातच खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका बाई. त्यांचं वय, गाव, आजार माझ्या मनचे, आकडे पुस्तकातले. उभं केलं, दाब उतरला, बाई हसतायत. सर्वांत आधी काय कराल?

"चालवत राहीन, हळूहळू," एसटी स्टँडवरचा मुलगा म्हणाला.

"का?"

"त्या हसतायत ना."

मग अर्धा तास त्या हसण्यावर गेला. दाब किती उतरला की थांबायचं, बसवायचं की झोपवायचं, कुणाला कळवायचं, उद्या कसं उभं करायचं, औषधांची यादी का बघायची. चुकीच्या तीन पर्यायांपैकी प्रत्येक का चुकीचा, हे ज्यानं निवडला त्यालाच सांगायला लावलं. त्या मुलाची बस आली. तो बसमध्ये चढून, सीट पकडून, पुन्हा जोडला गेला आणि म्हणाला, "ताई, आधी ओठ बघायचे." मी कुणालाही ओठांबद्दल सांगितलेलं नव्हतं. तो कॉलेजच्या वॉर्डात कधीतरी शिकला होता आणि आत्ता त्याला ते आठवलं होतं.

रात्री 10:40

ग्रुप पुन्हा सगळ्यांसाठी उघडला. सगळ्यात वर गोपनीयतेचा मजकूर मराठीत लिहून चिकटवून ठेवला, म्हणजे ऑगस्टमध्ये येणाऱ्यालाही तो पहिल्यांदा दिसेल. ह्यूस्टनच्या मुलीचा एकच निरोप होता, तासापूर्वीचा: "आईला सांगितलं. पाठ धरल्याचं." ती बहुतेक झोपली असावी. निकाल यायला आठवडा तरी लागेल.

जानेवारीच्या परीक्षेसाठी रोजचा वर्ग सोमवारपासून पुन्हा सुरू होतो, भारतातले सकाळचे साडेसहा. दहा-बारा जणांची जागा आहे, फी नाही. अभ्यासाच्या वह्या घेऊन या, कॉलेजच्या वॉर्डातले अनुभव घेऊन या, भीती असेल तर तीही आणा. आधी परीक्षा दिली असेल, तर तिथला एकही प्रश्न सोबत आणू नका.